वाचकांचे तंत्रप्रश्न : ॲप्लिकेशनपुढचा प्रॉक्सी

या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी एकाच विषयावरची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. स्वतःचे वेब ॲप्लिकेशन भाड्याच्या सर्व्हरवर चालवणाऱ्या वाचकांना त्यापुढे रिव्हर्स प्रॉक्सी बसवताना ज्या अडचणी आल्या, त्या या पत्रांत आहेत. उत्तरांतील उदाहरणे लिनक्सवर चालणाऱ्या इंजिनएक्स या सॉफ्टवेअरची आहेत, कारण जवळजवळ सर्व पत्रलेखक तेच वापरतात. त्यातील निर्देशांची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये ती रोमन लिपीत लिहावीत.

प्रश्न : आमच्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाची पुस्तकसूची मी नोड-जेएसमध्ये तयार केली आहे. ती ३००० क्रमांकाच्या पोर्टवर चालते आणि पत्त्यापुढे तो क्रमांक लिहिला की कुठूनही उघडते. तरी तिच्यापुढे रिव्हर्स प्रॉक्सी हवाच, असे एका परिचितांनी सांगितले. आमच्या कार्यालयात इंटरनेटसाठी प्रॉक्सी असतो, तो हाच का? आणि सगळे सुरळीत चालू असताना त्याची गरज काय? (एक वाचक, वाई)

उत्तर : दोन्ही प्रॉक्सी मध्यस्थच आहेत, पण त्यांची बाजू वेगळी आहे. कार्यालयातला प्रॉक्सी वापरणाऱ्यांच्या बाजूने उभा असतो; आतल्या माणसांच्या विनंत्या तो बाहेर पाठवतो, त्यामुळे बाहेरच्या संकेतस्थळाला आतला माणूस थेट दिसत नाही. रिव्हर्स प्रॉक्सी संकेतस्थळाच्या बाजूने उभा असतो. बाहेरून आलेली प्रत्येक विनंती आधी त्याच्याकडे येते आणि ती आतल्या कोणत्या ॲप्लिकेशनकडे द्यायची हे तो ठरवतो. सरकारी कचेरीतल्या आवक-जावक टेबलासारखे हे काम आहे : कागद कोणाकडून आला आणि कोणत्या शाखेचा आहे याची नोंद तिथे होते, आणि शाखेला कागदाबरोबर ती नोंदही मिळते. ही नोंद खरी आणि पूर्ण असली पाहिजे, कारण खालच्या बहुतेक तक्रारींचे मूळ त्या नोंदीतच आहे.

गरजेविषयी सांगायचे तर, ग्रंथालयाच्या सभासदाने पत्त्यापुढे ३००० लिहावे ही अपेक्षा आपण ठेवू शकत नाही. ब्राउझर स्वतःहून ८० आणि ४४३ हीच पोर्ट, म्हणजे सर्व्हरची क्रमांकित दारे, वापरतो, आणि लिनक्सवर १०२४ च्या खालची पोर्ट उघडण्याचा अधिकार मुळात रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याकडेच असतो. त्यासाठी संपूर्ण ॲप्लिकेशन रूट म्हणून चालवणे फार धोक्याचे आहे, कारण त्यातल्या एखाद्या लहानशा उणिवेतून शिरलेल्या माणसाच्या हाती सगळा सर्व्हर जातो. इंजिनएक्सची मुख्य प्रक्रिया पोर्ट उघडण्यापुरती रूटचा अधिकार वापरते आणि प्रत्यक्ष विनंत्या हाताळणाऱ्या प्रक्रिया साध्या वापरकर्त्याच्या नावाने चालतात. उद्या त्याच सर्व्हरवर आणखी एक ॲप्लिकेशन आले, तर विनंतीतल्या होस्ट हेडरमधले नाव पाहून प्रॉक्सी दोघांची वाटणी करतो (हेडर म्हणजे विनंतीबरोबर येणारी माहितीची ओळ). एचटीटीपीएसचे प्रमाणपत्रही एकाच जागी ठेवता येते. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून ते २०१५ पासून विनामूल्य मिळते.

आणखी एक लाभ सहसा लक्षात येत नाही. खेड्यातल्या कमकुवत मोबाइल नेटवर्कवरून एखादे पान हळूहळू उतरत असते, तेव्हा तेवढा वेळ कोणाला तरी ती जोडणी धरून बसावे लागते. पायथन किंवा पीएचपीच्या ॲप्लिकेशनमध्ये मोजक्याच प्रक्रिया असतात आणि त्यांतली प्रत्येक अशा संथ जोडणीत अडकू शकते. प्रॉक्सी मध्ये असला की तो ॲप्लिकेशनकडून उत्तर झटकन घेतो, स्वतःजवळ साठवतो आणि मग सभासदाच्या गतीने देत राहतो. एकाच सर्व्हरने एका वेळी १०,००० जोडण्या कशा सांभाळाव्यात हा प्रश्न डॅन केगेल यांनी १९९९ मध्ये मांडला होता. इगोर सिसोयेव यांनी रॅम्बलर या रशियन कंपनीत काम करत असताना २००२ मध्ये इंजिनएक्स लिहायला घेतले आणि २००४ मध्ये ते सर्वांसाठी खुले केले, ते याच प्रश्नावरचे उत्तर म्हणून. आपले ॲप्लिकेशन नोडचे असल्याने ही अडचण आपल्याला कमी जाणवेल, पण ती नाहीशी होत नाही.

आता आपल्या पत्रातली जी गोष्ट आपल्याला सोयीची वाटते, तिच्याकडे लक्ष वेधतो. ३००० क्रमांकाचे पोर्ट कुठूनही उघडते, हे प्रॉक्सी बसवल्यानंतर तसेच राहता कामा नये. ते उघडे राहिले तर प्रॉक्सीला वळसा घालून कोणीही थेट ॲप्लिकेशनपर्यंत पोहोचेल, आणि प्रॉक्सीवर केलेली सगळी व्यवस्था निरर्थक ठरेल. ॲप्लिकेशनला फक्त १२७.०.०.१ या, सर्व्हरला स्वतःच्या आतूनच पोहोचता येणाऱ्या पत्त्यावर ऐकायला सांगावे. नोडमध्ये ते लिसन या फंक्शनच्या दुसऱ्या घटकात देता येते. ॲप्लिकेशन डॉकरमध्ये, म्हणजे प्रत्येक ॲप्लिकेशन वेगळ्या बंदिस्त कंटेनरमध्ये ठेवणाऱ्या व्यवस्थेत, चालत असेल तर अधिक जपावे लागते, कारण डॉकरने बाहेर उघडलेली पोर्ट उबुंटूच्या यूएफडब्ल्यू या फायरवॉलचे नियम ओलांडून खुली होतात. तिथेही पोर्ट उघडताना १२७.०.०.१ हा पत्ता क्रमांकापुढे लिहावाच.

प्रश्न : इंजिनएक्स बसवून प्रॉक्सी_पास लिहिले आणि पान दिसू लागले. एवढ्यावर काम झाले असे समजावे का? (एक वाचिका, लातूर)

उत्तर : प्रॉक्सी_पास हा निर्देश विनंती मागच्या कोणत्या पत्त्यावर द्यायची एवढेच सांगतो. पान दिसते म्हणजे वाट जुळली एवढेच, नोंद अजून अपुरी आहे. आपण वेगळे काही सांगितले नाही, तर इंजिनएक्स होस्ट हेडर बदलतो आणि त्यात प्रॉक्सी_पासमध्ये लिहिलेला पत्ता घालतो. त्यामुळे वापरणाऱ्याने कोणते नाव टाइप केले होते हे ॲप्लिकेशनला कळत नाही. मग पासवर्ड बदलण्यासाठी पाठवलेल्या ईमेलमधला दुवा १२७.०.०.१ वर नेतो, आणि तो दुवा वाचकाच्या घरच्या संगणकावर अर्थातच उघडत नाही.

म्हणून प्रॉक्सी_सेट_हेडर या निर्देशाने होस्टमध्ये डॉलर-होस्ट हे चल, एक्स-रिअल-आयपीमध्ये डॉलर-रिमोट_ॲडर म्हणजे जोडणी करणाऱ्याचा पत्ता, एक्स-फॉरवर्डेड-फॉरमध्ये आजवरच्या टप्प्यांची साखळी आणि एक्स-फॉरवर्डेड-प्रोटोमध्ये डॉलर-स्कीम, म्हणजे विनंती एचटीटीपीने आली की एचटीटीपीएसने, असे चार हेडर पुढे द्यावेत. यांपैकी होस्ट सोडले तर बाकीचे केवळ रूढीने चालत आलेले आहेत. २०१४ मध्ये फॉरवर्डेड या एकाच हेडरचे प्रमाणित रूप ठरवले गेले, पण बहुतेक ॲप्लिकेशने अजून जुनी नावेच पाहतात, म्हणून तीच द्यावीत.

यात एक खाच अशी आहे, की नीट लिहिलेली फाइलही तिने फसते. हे चार निर्देश आपण सर्व्हरच्या, म्हणजे संपूर्ण संकेतस्थळाच्या, कंसात लिहिले आणि नंतर त्याच्या आतल्या लोकेशनच्या, म्हणजे एका मार्गापुरत्या, कंसात आणखी एकच प्रॉक्सी_सेट_हेडर लिहिले, तर त्या लोकेशनपुरते वरचे चारही रद्द होतात. आतल्या पातळीवर असा एकही निर्देश नसेल तेव्हाच वरचे खाली उतरतात. म्हणून चारही निर्देश वेगळ्या लहान फाइलमध्ये ठेवून प्रत्येक लोकेशनमध्ये इन्क्लूडने ओढून घ्यावेत, हे मला सर्वांत सुरक्षित वाटते. फाइल बदलल्यावर आधी इंजिनएक्सला उणे-टी हा पर्याय देऊन ती तपासावी आणि मगच रीलोड करावे. रीलोडमध्ये जुन्या प्रक्रिया हातातल्या विनंत्या पूर्ण करून थांबतात, त्यामुळे वापरणाऱ्यांची जोडणी तुटत नाही. रीस्टार्टमध्ये ती तुटते.

प्रश्न : सगळे लिहिले तसे केले, पण ब्राउझरमध्ये "५०२ बॅड गेटवे" येते. ॲप्लिकेशन तर चालू आहे. (एक वाचक, पणजी)

उत्तर : ५०२ चा अर्थ एवढाच, की प्रॉक्सी जिवंत आहे आणि त्याला मागून योग्य उत्तर मिळाले नाही. कारण ब्राउझरच्या पानावर कधीच दिसत नाही. ते इंजिनएक्सच्या त्रुटींच्या लॉगमध्ये असते, आणि ही फाइल साधारणपणे व्हार, लॉग, इंजिनएक्स या डिरेक्टरीत सापडते. तिची शेवटची ओळ शब्दन्‌शब्द वाचावी. आपण पत्राबरोबर पाठवलेल्या छायाचित्रात ती अशी आहे : "कनेक्ट फेल्ड, १११, कनेक्शन रिफ्यूज्ड, व्हाइल कनेक्टिंग टू अपस्ट्रीम", आणि तिच्यापुढे अपस्ट्रीमचा, म्हणजे प्रॉक्सीमागच्या ॲप्लिकेशनचा, पत्ता म्हणून चौकटी कंसात दोन विसर्गचिन्हे आणि १ दिसतात.

त्या चौकटी कंसातच उत्तर आहे. तो आयपी आवृत्ती ६ मधला स्वतःच्याच संगणकाचा पत्ता आहे. आपण प्रॉक्सी_पासमध्ये लोकलहोस्ट असे नाव लिहिले असणार. त्या नावाचे दोन पत्ते निघतात, एक आवृत्ती ४ चा आणि दुसरा आवृत्ती ६ चा, आणि इंजिनएक्स दोन्हींना मागचे सर्व्हर समजून आळीपाळीने वापरतो. ॲप्लिकेशन त्यांतल्या एकावरच ऐकत असेल, तर दुसऱ्या पत्त्यावरचा प्रयत्न फसतो. याच्या उलटही होते. नोडच्या १७ व्या आवृत्तीपासून नावाचे पत्ते ज्या क्रमाने मिळतील त्याच क्रमाने घेतले जातात, त्यामुळे लोकलहोस्टवर ऐकायला सांगितलेले ॲप्लिकेशन फक्त आवृत्ती ६ च्या पत्त्यावर बसते आणि प्रॉक्सीमध्ये १२७.०.०.१ लिहिलेल्याला नकार मिळतो. दोन्ही ठिकाणी लोकलहोस्ट काढून १२७.०.०.१ हा अंकी पत्ता लिहिला की प्रश्न मिटेल.

इतर वाचकांच्या सोयीसाठी सांगतो, की याच ओळीत १११ ऐवजी १३ आणि "परमिशन डिनाइड" दिसले, तर ॲप्लिकेशनमध्ये काही शोधत बसू नये. रेड हॅटच्या कुळातल्या लिनक्सवर एसईलिनक्स ही सुरक्षाव्यवस्था वेब सर्व्हरला स्वतःहून नेटवर्क जोडणी करू देत नाही. एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट हा एक स्विच कायमस्वरूपी चालू करावा लागतो. अनेकजण या वेळी एसईलिनक्सच बंद करून टाकतात. तसे करू नये. एका कुलपाची किल्ली सापडत नाही म्हणून सगळी कुलपे काढण्याचे काही कारण नाही. आणि प्रॉक्सी स्वतःच डॉकरच्या कंटेनरमध्ये असेल, तर तिथे १२७.०.०.१ म्हणजे तो कंटेनरच असतो. ॲप्लिकेशनच्या कंटेनरचे सेवानाव लिहावे लागते.

प्रश्न : एचटीटीपीएस सुरू केल्यापासून आमचे जँगोवरचे संकेतस्थळ उघडतच नाही. ब्राउझर म्हणतो की पान पुन्हापुन्हा दुसरीकडे वळवले जात आहे. (एक वाचिका, ठाणे)

उत्तर : वापरणाऱ्यापासून प्रॉक्सीपर्यंत विनंती एचटीटीपीएसने येते, तिथे तिचे कूटरूप सुटते आणि प्रॉक्सीपासून जँगोपर्यंत ती साध्या एचटीटीपीने जाते. आपण जँगोला, म्हणजे ज्या पायथन चौकटीवर आपले ॲप्लिकेशन उभे आहे तिला, "असुरक्षित विनंती आली तर एचटीटीपीएसकडे वळव" असे सांगून ठेवले आहे. त्याच्या दृष्टीने प्रत्येक विनंती असुरक्षितच आहे, म्हणून तो प्रत्येक वेळी वळवतो, ब्राउझर पुन्हा एचटीटीपीएसनेच येतो, आणि हे चक्र ब्राउझर कंटाळेपर्यंत चालते. दोघांचेही वागणे आपापल्या माहितीप्रमाणे बरोबर आहे. मधली माहिती पोहोचलेली नाही.

प्रॉक्सीने एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो पाठवावा आणि जँगोच्या सेटिंग्जमध्ये सिक्युअर_प्रॉक्सी_एसएसएल_हेडर या नावाखाली त्या हेडरवर विश्वास ठेवायला सांगावे, म्हणजे चक्र थांबेल. मात्र हा विश्वास डोळस असावा. हा हेडर बाहेरचा कोणीही स्वतःच्या विनंतीत घालू शकतो, म्हणून प्रॉक्सीने बाहेरून आलेली किंमत फेकून स्वतःचीच घातली पाहिजे आणि जँगोपर्यंत जायला प्रॉक्सीखेरीज दुसरी वाट असता कामा नये. दुरुस्तीनंतरही आपल्या स्वतःच्या ब्राउझरमध्ये जुनीच चूक दिसत राहिली तर गोंधळू नये. ३०१ हे कायमचे वळण ब्राउझर साठवून ठेवतो. खासगी खिडकीत उघडून पाहावे. चाचणी चालू असेपर्यंत ३०२ वापरावे, हे उत्तम.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या ॲप्लिकेशनमध्ये पाच वेळा पासवर्ड चुकला की तो आयपी पत्ता अर्धा तास बंद होतो. प्रॉक्सी बसवल्यापासून एकाचा पासवर्ड चुकला की सगळ्या सभासदांना प्रवेश बंद होतो. (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : ॲप्लिकेशनला आता प्रत्येक जोडणी प्रॉक्सीकडूनच येते, म्हणून प्रत्येक सभासदाचा पत्ता त्याला १२७.०.०.१ असाच दिसतो. खरा पत्ता एक्स-फॉरवर्डेड-फॉरमध्ये असतो. तो वाचायला शिकवणे अवघड नाही. पण हा प्रश्न पैशांच्या व्यवहाराशी जोडलेला असल्यामुळे तो कसा वाचायचा याबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

या हेडरमध्ये पत्त्यांची स्वल्पविरामांनी जोडलेली साखळी असते. प्रत्येक प्रॉक्सी, विनंती ज्याच्याकडून आली त्याचा पत्ता साखळीच्या उजव्या टोकाला जोडतो. साखळीतला सर्वांत डावीकडचा पत्ता हाच मूळ वापरणारा, असे पुष्कळ ठिकाणी सांगितलेले असते, आणि प्रामाणिक विनंतीपुरते ते खरेही आहे. परंतु हल्लेखोर आधीच कोणताही खोटा पत्ता हेडरमध्ये घालून विनंती पाठवू शकतो. इंजिनएक्सचे प्रॉक्सी_ॲड_एक्स_फॉरवर्डेड_फॉर हे चल तो खोटा पत्ता डावीकडे तसाच ठेवते आणि खरा पत्ता त्याच्या उजवीकडे जोडते. ॲप्लिकेशनने डावीकडचा पत्ता घेतला, तर प्रत्येक प्रयत्नाला नवा खोटा पत्ता देऊन हल्लेखोर हजारो पासवर्ड तपासून पाहील आणि आपले कुलूप एकदाही लागणार नाही. विश्वास ठेवण्याजोगा पत्ता तोच, जो आपल्या स्वतःच्या प्रॉक्सीने लिहिला आहे, म्हणजे उजवीकडून मोजायचा.

आपल्याकडे एकच प्रॉक्सी आहे. म्हणून साखळी जोडतच बसू नये. एक्स-फॉरवर्डेड-फॉरमध्ये थेट डॉलर-रिमोट_ॲडर घालावे, म्हणजे बाहेरून आलेली साखळी पुसली जाईल. एक्सप्रेस ही नोडवरची चौकट वापरत असाल तर ट्रस्ट प्रॉक्सी या सेटिंगला "ट्रू" देण्याऐवजी १ हा आकडा द्यावा. त्याचा अर्थ एकाच टप्प्यावर विश्वास ठेवा असा होतो, आणि "ट्रू" दिले की डावीकडचा पत्ता घेतला जातो. उद्या पुढे एखादी सीडीएन सेवा, म्हणजे जागोजागच्या सर्व्हरवरून आपली पाने देणारी बाहेरची सेवा, आली, तर सेट_रिअल_आयपी_फ्रॉम या निर्देशात फक्त त्या सेवेचे जाहीर पत्ते लिहावेत.

कुलपाचा नियमही बदलावा, असे मी आग्रहाने सुचवेन. मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना एकाच आयपी पत्त्यामागून बाहेर सोडतात. त्यामुळे केवळ पत्त्यावरून बंदी घातली तर खरा पत्ता मिळूनही निरपराध सभासद अडकतील. खाते आणि पत्ता या दोहोंच्या जोडीवर प्रयत्न मोजावेत.

प्रश्न : एकाच नावाखाली "/सूची/" आणि "/प्रवेश/" अशी दोन ॲप्लिकेशने चालवायची आहेत. सूचीचे मुखपृष्ठ येते, पण रंगरूप हरवते आणि दुवे चुकतात. शिवाय एका शब्दाचा शोध चालतो, दोन शब्दांचा शोध घेतला की "४०० बॅड रिक्वेस्ट" येते. (एक वाचक, बडोदे)

उत्तर : या दोन वेगळ्या अडचणी आहेत. पहिली तिरप्या रेघेची आहे. लोकेशन "/सूची/" असताना प्रॉक्सी_पासमधल्या पत्त्याच्या शेवटी पोर्टच्या क्रमांकानंतर तिरपी रेघ असेल, तर "/सूची/नवीन" ही विनंती ॲप्लिकेशनपर्यंत "/नवीन" होऊन पोहोचते; रेघ नसेल तर ती "/सूची/नवीन" अशीच जाते. एका चिन्हाने वाट बदलते. आपण रेघ दिली आहे, म्हणून मुखपृष्ठ येते. पण ॲप्लिकेशनला आपण "/सूची/" खाली राहतो हे ठाऊक नाही, त्यामुळे ते पानात रंगरूपाच्या फाइलचा पत्ता मुळापासून लिहिते आणि ब्राउझर ती फाइल "/सूची/" च्या बाहेर शोधतो. ॲप्लिकेशनमध्ये मूळ मार्ग सांगण्याची सोय असेल तर ती वापरावी. नसेल तर प्रॉक्सीकडून पानातला मजकूर बदलून घेण्याच्या खटाटोपात पडू नये. दोन्हींना वेगवेगळी उपडोमेन द्यावीत. मला तर पहिल्यापासून तोच मार्ग पसंत आहे, कारण त्यात दोन ॲप्लिकेशनच्या कुकीही सहसा एकमेकांत मिसळत नाहीत.

दुसरी अडचण मराठी वाचकांनी विशेष समजून घ्यावी अशी आहे. पत्त्यात देवनागरी अक्षरे थेट प्रवास करत नाहीत. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह आणि दोन अंक-अक्षरे अशा तीन खुणांनी लिहिला जातो. "आत्मचरित्र" हा शब्द काना, वेलांटी आणि हलन्त धरून १० चिन्हांचा आहे. पत्त्यात तो ९० खुणांचा होतो. इंजिनएक्स लोकेशन जुळवून पाहण्यासाठी हे कूटरूप आधी सोडवतो. आपण लोकेशन रेग्युलर एक्स्प्रेशनने, म्हणजे मजकुराच्या नमुन्याने, लिहिले आहे आणि त्यातला पकडलेला भाग डॉलर-१ म्हणून प्रॉक्सी_पासमध्ये जोडला आहे. तो भाग सोडवलेल्या रूपात पुढे जातो. एकच शब्द असेल तर ॲप्लिकेशन निभावून नेते, पण दोन शब्दांमधली मोकळी जागा उघडी पडते, आणि एचटीटीपीच्या पहिल्या ओळीत मोकळी जागा हीच भाग वेगळे करणारी खूण असल्यामुळे ॲप्लिकेशनला ती ओळ मोडकी वाटते. म्हणून ४००.

उपाय साधा आहे. प्रॉक्सी_पासमध्ये पोर्टच्या पुढे काहीच लिहू नये. मग ब्राउझरने पाठवलेला मूळ पत्ता अक्षरही न बदलता पुढे जातो. वेगळे उपडोमेन घेतले की रेग्युलर एक्स्प्रेशनची गरजही उरत नाही. लांब मजकूर शोधाच्या पत्त्यात मात्र घालू नये. विनंतीची पहिली ओळ इंजिनएक्समध्ये मुळात ८ किलोबाइटच्या एका बफरमध्ये मावावी लागते, म्हणजे सुमारे ९०० देवनागरी चिन्हांनंतर ४१४ ही त्रुटी येते. रोमन लिपीतल्या मजकुराला तेवढ्याच जागेत कितीतरी अधिक मुभा मिळते. असा मजकूर पोस्ट पद्धतीने पाठवावा.

प्रश्न : विद्यार्थ्यांनी गुणपत्रिकेचे छायाचित्र चढवले की ४१३ येते, आणि वार्षिक अहवाल काढला की बरोबर एका मिनिटाने ५०४ येते. (एक वाचिका, नांदेड)

उत्तर : ४१३ चे कारण इंजिनएक्सची विनंतीच्या आकारावरची मर्यादा, जी न सांगितल्यास १ मेगाबाइट असते, आजच्या मोबाइलचे छायाचित्र तिच्यात क्वचितच मावते. क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ फक्त छायाचित्र चढवण्याच्या लोकेशनपुरते वाढवावे, सगळीकडे नको. ५०४ चे कारण प्रॉक्सी_रीड_टाइमआउट, जो ६० सेकंदांचा असतो. तो संपूर्ण उत्तरासाठी नसून मागून आलेल्या दोन वाचनांमधल्या शांततेसाठी असतो. मुदत वाढवून अहवाल निघेल, परंतु वापरणारा पाच मिनिटे कोऱ्या पानासमोर बसून राहील आणि कंटाळून पुन्हा कळ दाबेल. मग दुसरा अहवालही सुरू होईल. अहवाल पार्श्वभूमीवर तयार करून झाल्यावर कळवणे हेच योग्य, आणि ते काम ॲप्लिकेशनचे आहे, प्रॉक्सीचे नव्हे.

प्रश्न : भार वाढल्यामुळे ॲप्लिकेशनच्या दोन प्रती चालवून अपस्ट्रीममध्ये दोन्हींची नावे दिली. आता लॉगिन केलेला माणूस पुढच्याच क्लिकला बाहेर पडतो. (एक वाचक, अमरावती)

उत्तर : विनंत्या दोन्ही प्रतींकडे आळीपाळीने जातात आणि लॉगिनची नोंद पहिल्या प्रतीच्या स्मृतीत आहे; दुसरी प्रत त्या माणसाला ओळखत नाही. आयपी_हॅश लिहिले तर एका पत्त्याचा माणूस एकाच प्रतीकडे जाईल, पण त्यात आयपी आवृत्ती ४ च्या पत्त्याचे पहिले तीनच भाग पाहिले जातात, त्यामुळे एका महाविद्यालयातले सगळे विद्यार्थी एकाच प्रतीवर कोसळू शकतात. ती प्रत बंद पडली की त्यांची सगळ्यांची लॉगिनेही जातात. लॉगिनची नोंद रेडिस या स्मृतीत चालणाऱ्या साठ्यात किंवा डेटाबेसमध्ये सामाईक ठेवावी. मग एक प्रत थांबली तरी इंजिनएक्स तिला मुळातल्या नियमाप्रमाणे १० सेकंद बाजूला ठेवून काम दुसरीकडे देतो आणि वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

प्रश्न : आमच्याकडे ॲप्लिकेशने वाढत असल्यामुळे प्रत्येकाची वेगळी नोंद न करता, होस्ट हेडरमध्ये जे नाव येईल तिकडेच विनंती पाठवणारी एकच प्रॉक्सी_पासची ओळ लिहिली आहे. नवे काही आले तरी फाइल उघडावी लागत नाही. ही पद्धत बरोबर आहे ना? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही, आणि ती ओळ कृपया आजच काढावी. होस्ट हेडर हा पाठवणाऱ्याने लिहिलेला मजकूर आहे. त्यातल्या नावाकडे जशीच्या तशी विनंती पाठवणे म्हणजे आपला सर्व्हर कोणालाही, कुठेही जाण्यासाठी वापरू देणे होय. बाहेरचा माणूस त्यात आपल्या अंतर्गत नेटवर्कमधल्या डेटाबेसच्या प्रशासन पानाचा पत्ता लिहील, आणि ते पान फक्त आतूनच दिसावे अशी तुमची व्यवस्था असली तरी प्रॉक्सी आतच असल्यामुळे ते उघडेल. सर्व्हर क्लाउडवर असेल तर धोका अधिक मोठा आहे. मोठ्या क्लाउड सेवांमध्ये १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावर सर्व्हरला स्वतःविषयीची माहिती मिळते, आणि सर्व्हरला काही अधिकार दिलेले असतील तर त्यांच्या तात्पुरत्या किल्ल्याही अनेकदा तिथूनच मिळतात. आपल्या एका ओळीमुळे त्या बाहेरच्याच्या हाती लागू शकतात. आपल्या पत्त्यावरून इतरांवर हल्ले झाले, तर चौकशीही आपल्याकडेच येईल.

फाइल वारंवार उघडावी लागू नये ही आपली अपेक्षा रास्त आहे, आणि ती मॅप या निर्देशाने पुरी होते. डावीकडे आपली नावे आणि उजवीकडे त्यांची अपस्ट्रीम, अशी यादी वेगळ्या फाइलमध्ये ठेवावी. नवे ॲप्लिकेशन आले की एक ओळ वाढवून रीलोड करावे. ८० आणि ४४३ या दोन्ही पोर्टवर डिफॉल्ट_सर्व्हर असा एक वेगळा सर्व्हर लिहावा आणि यादीत नसलेल्या नावाच्या विनंतीला त्यातून ४४४ हा संकेत द्यावा. हा इंजिनएक्सचा स्वतःचा संकेत असून त्यात काहीही उत्तर न देता जोडणी बंद होते. बदल करण्यापूर्वी प्रवेश-लॉगची एक प्रत बाजूला ठेवावी आणि त्यात होस्टचे नाव नोंदले जात असेल, तर आपली नसलेली नावे किती आली आहेत ते पाहावे. लॉगच्या मुळातल्या मांडणीत होस्टचे नाव नोंदलेले नसते, म्हणून यापुढे ते लॉग_फॉरमॅटमध्ये जोडून घ्यावे. एकही अनोळखी अंतर्गत पत्ता आढळला, तर त्या सर्व्हरवरचे सर्व पासवर्ड आणि किल्ल्या बदलाव्यात.